आजी घरी न्हाई

माझ्या शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार आणि दिवाळीनंतर मुलं अकरा. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात. रोज सकाळी परिपाठाला आम्ही संविधानाची प्रस्तावना म्हणतो. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द आले की पोरांचा आवाज एकदम चढतो, कारण तिथून शेवट जवळ असतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी फळ्यावर लिहूनही देतो की प्रत्येक माणसाला जन्मतःच मोल असतं, ते कुणी देत नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. पोरं ते वळणदार अक्षरात उतरवून घेतात. त्याखाली रेघ मारतात आणि खिडकीतून बाहेर बघतात.

खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलेलं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत बदलीचा अर्ज घेऊन मी ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो, तिथं कुणाला माझं जन्मजात मोल दिसल्याचं आठवत नाही. मग मीही इतरांचं बघायचं सोडून दिलं. माणूस उपयोगाचा असला तर त्याला मोल, नसला तर तो पटावरचा आकडा, असं माझं साधं गणित होतं. फळ्यावर लिहायचं वेगळं आणि मनात धरायचं वेगळं, याची मास्तरकीत सवय होते.

गेल्या विधानसभेला मला घरून मतदानाची ड्युटी लागली. पंच्याऐंशीच्या पुढचे लोक केंद्रावर येऊ शकत नसतील तर त्यांच्या घरी जाऊन मत घ्यायचं, अशी ही सोय. ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात एका जीपमध्ये कुलूपबंद पेटी, पाकिटांचे गठ्ठे, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, डिंकाची बाटली आणि मत गुप्त राहावं म्हणून पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा, असा सगळा संसार घेऊन फिरायचं. आमच्या वाट्याला शेवगावच्या पूर्वेकडच्या वस्त्या आल्या होत्या. तिकडं कुठला रस्ता आणि कुठला ओढा, हे दर पावसाळ्यात नव्यानं ठरतं.

पथकाचे प्रमुख पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअर होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि या वर्षात आपल्या हातून काही चुकू नये, या एकाच भीतीवर ते चालत होते. नियमांची पुस्तिका त्यांच्या खिशात नसे, कायम हातातच असे. बरोबर एक पोलीस, ड्रायव्हर आणि एक व्हिडिओवाला. हा एरवी लग्नाचं शूटिंग करायचा, त्यामुळं मतदाराला ‘जरा हसा’ म्हणायची त्याची सवय जात नव्हती. एका अर्धांगवायू झालेल्या आजोबांना त्यानं मतपत्रिका हातात धरून तीनदा कॅमेऱ्याकडं बघायला लावलं होतं.

यादीतलं शेवटचं नाव एका बाईचं होतं. वय एक्क्याण्णव. पत्ता म्हणजे वस्तीचं नाव आणि पुढं ‘लिंबाजवळ’. वाट दाखवायला तिथल्या अंगणवाडीच्या ताई जीपमध्ये बसल्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडंच होतं आणि म्हातारीचा घरून मतदानाचा अर्जही त्यांनीच भरून घेतला होता. बसल्या बसल्या त्यांनी आम्हाला सावध केलं.

“बाई वंगाळ हाय बरं का. आधीच सांगते.”

“वंगाळ म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“म्हंजे वंगाळच. सून तिच्यापायी दोनदा माहेरी गेली. शेळी शेजाऱ्याच्या पिकात सोडती आन् वर त्यालाच शिव्या देती. मी अंगनवाडीतली डाळ घरी नेते म्हनून माझी तक्रार केली तिनं. चौकशी लागली माझ्यावर. निघालं काहीच न्हाई, पर दोन महिने जिवाला घोर.”

“आणि तरी तुम्ही तिचा अर्ज भरलात?” मी विचारलं.

ताईंनी माझ्याकडं अंगणवाडीतल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. “गुरुजी, यादीत नाव हाय तिचं. मला ती आवडती का न्हाई, असा रकाना त्या फारमवर न्हाई.”

एवढं म्हणून त्यांनी ड्रायव्हरला डावीकडं वळायला सांगितलं. माझ्या इतक्या वर्षांच्या मूल्यशिक्षणाच्या तासांत इतकं नेमकं काही आलं नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. तेव्हा मला भूक लागली होती.

वस्तीवर चार घरं होती, त्यातली तीन कुलूपबंद. माणसं गोदावरीकाठच्या कारखान्यांकडं ऊस तोडायला गेलेली. लिंबाखालच्या पत्र्याच्या घराचं दार मात्र सताड उघडं होतं. आत चूल पेटलेली, तव्यावर एक भाकरी आणि माणूस कुणी नाही.

“पोलीस बघून पळाली,” ताई म्हणाल्या. “तिला वाटलं असंल, शेळीची तक्रार झाली.”

घरामागं तूर उभी होती, माणसाच्या डोक्याएवढी. वारा अजिबात नव्हता, तरी तुरीचा एक कोपरा हलत होता. साहेब त्या कोपऱ्यासमोर जाऊन उभे राहिले, गळ्यातलं ओळखपत्र पुढं धरलं आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं त्याप्रमाणे म्हणाले, “नमस्कार आजी. आम्ही निवडणुकीचे लोक. तुमचं अमूल्य मत घ्यायला आलोय.”

तूर हलायची थांबली. मग आतून आवाज आला, “आजी घरी न्हाई.”

साहेबांनी एकदा माझ्याकडं, एकदा तुरीकडं बघितलं. “मग तुम्ही कोण?”

“तिची भईन.”

“तिला बहीण न्हाई,” ताई हळूच म्हणाल्या.

आतल्या बाईला ते ऐकू गेलं असावं. “हुती. मेली ती,” आवाज म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो ते ध्यानात येऊन एकदम बंद झाला.

पोलिसानं तोंड फिरवून हसून घेतलं. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा तुरीवर धरला. साहेबांनी पुस्तिका उघडली. मतदार घरी नसला तर काय करायचं, हे तीत होतं. मतदार घरी नाही असं मतदार स्वतःच सांगत असला तर काय, हे नव्हतं. मी म्हणालो, हाताला धरून बाहेर आणू, दोन मिनिटांचं काम. साहेबांच्या कपाळावर घाम आला.

“मतदारावर दबाव? आणि कॅमेरा चालू असताना?”

शेवटी उघड्या दाराचं चित्रण झालं, वहीत ‘मतदार अनुपस्थित’ असं लिहिलं गेलं, आणि परवा दुपारी पुन्हा येऊ असं साहेबांनी तुरीला अदबीनं सांगितलं. नियमानं आणखी एकदाच येता येणार होतं. त्यानंतर मत गेलं. निघताना ताई घरात शिरल्या आणि तव्यावरची भाकरी उलटून आल्या. म्हणाल्या, जळून जाईल.

परतीच्या वाटेवर मी पुष्कळ बडबडलो. एका म्हातारीच्या एका मतासाठी आपण एवढे लोक, एवढी धूळ. त्यात बाई तुरीत लपून आपल्याला मूर्ख बनवणार. एका मतानं कुणी पडत नाही की निवडून येत नाही. नाही घेतलं तर काय बिघडणार आहे?

“ते आपलं काम नाही, गुरुजी,” साहेब म्हणाले.

“कुठलं?”

“काय बिघडतं ते बघायचं.”

मला वाटलं, हा माणूस घाबरट आहे. तो होताच.

दोन दिवसांनी ताईंनी पोलिसाला टोपी काढून जीपमध्येच ठेवायला लावली. म्हातारी दारात बाजेवर बसली होती. अंगावर धुतलेलं लुगडं, मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगा, आणि चेहऱ्यावर आपण या लोकांना आयुष्यात प्रथमच बघतोय असा भाव. शेजारी धुळीनं माखलेली मोटारसायकल होती आणि तिला टेकून एक पन्नाशी उलटलेला माणूस उकिडवा बसला होता. तो तिचा धाकटा मुलगा. कोपरगावाकडं त्याची टोळी ऊस तोडत होती, तिथून सकाळी निघून तो नुकताच पोचला होता. हाताला जागोजाग उसाच्या पाचटानं कापलेलं.

“तू कसा रं आला?” ताईंनी विचारलं.

“मुकादमानं धाडलं,” तो म्हणाला. मुकादम म्हणजे टोळी घेऊन जाणारा माणूस, याच्या शब्दाबाहेर तोडणीवाल्याला पाऊल टाकता येत नाही. “म्हनला, तुझ्या म्हातारीचं मत हाय, नीट बघून घे.” मग तो माझ्याकडं वळला. “सर, तिला काय कळत न्हाई. मीच मारतो फुली. तसं करता येतं म्हनले.”

येतं. मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसतील तर सोबत्याची मदत घेता येते. साहेबांनी पान उघडून ठेवलं आणि म्हातारीसमोर वाकून विचारलं, “आजी, तुम्हाला नीट दिसतं का?”

“तुपल्या सदऱ्याचं खालून दुसरं बटन तुटलंय,” ती म्हणाली.

साहेबांनी खाली बघितलं. तुटलं होतं.

“हात चालतात का?”

“कुनाला मारायचंय?”

सोबत्याचा विषय तिथं संपला. मुलगा म्हणाला, “आई, मला तिकडं सांगावं लागंल.” तेव्हा तिनं शेंगा बाजूला ठेवल्या.

“तू दिसला तवा मला वाटलं कोन मेलं,” ती म्हणाली. “मी तापानं पडले हुते तवा आला न्हाईस. तवा मुकादम सोडीत न्हवता म्हनला. आज कसा काय सोडला?”

“आज मत हाय ना,” तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता की तक्रार नव्हती. जे होतं ते त्यानं सांगितलं. म्हातारीनं पुन्हा शेंगा मांडीवर घेतल्या आणि दोन-चार सोलल्या. व्हिडिओवाला ‘जरा हसा’ म्हणणार होता, पण त्यानं ते गिळलं.

मतपत्रिका देण्याआधी एक घोषणापत्र भरून घ्यावं लागतं. मी बाजेच्या कडेला बसून ते तिला वाचून दाखवलं आणि अंगठ्यासाठी पॅड उघडलं. तिनं अंगठा पुढं केला नाही.

“हे मपल्या एकटीचंच ना?”

“हो, तुमचं एकटीचं.”

“मग किती धरत्यात?”

मला प्रश्नच कळला नाही. “किती म्हणजे? एक. एका माणसाचं एक मत.”

“एकट्या बाईचं बी?”

मी ताईंकडं बघितलं. उलगडा मुलानं केला. तोडणीला नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस असलं की अर्धा कोयता. त्याचा बाप लवकर गेला आणि त्यानंतर आई पुष्कळ वर्षं टोळीत अर्धा कोयता म्हणून राबली. “नावानं कोनी हाक मारीत न्हवतं तिला,” तो म्हणाला. “ए अर्धे, मोळी उचल, असंच.”

“आन् मोळी पुरी बांधायचे,” म्हातारी म्हणाली. “अर्धी मोळी कदी बांधली न्हाई मी.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. ‘प्रत्येक व्यक्तीला जन्मतःच’ अशी सुरुवात जिभेवर आलीही होती. ते वाक्य तिथं, त्या बाजेवर, इतकं बावळट वाटलं की मी ते मागं घेतलं आणि साधं सांगितलं, “तुमचं पुरं एक धरतात, आजी.”

“त्या कारखान्याच्या चेरमनचं?”

“त्यांचंही एकच.”

“खोटं.”

“खरंच. एकच.”

“मुकादमाचं?”

“एक.”

“आन् ह्या अंगनवाडीवालीचं?”

“त्यांचंही एकच.”

हे मात्र तिला आवडलं नाही. चेअरमन आपल्या बरोबरीचा झाला याचं तिला बरं वाटलं होतं, पण ताईंनाही पुरं एक मिळतं म्हटल्यावर तिनं नाक मुरडलं. ताई शांतपणे लिंबाकडं बघत उभ्या होत्या. मग म्हातारीनं माझ्याकडं मान वळवली.

“आन् तुपलं?”

इथं मी अडकलो. ड्युटीवरच्या लोकांना टपालानं मत देता येतं, त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. तो प्रशिक्षणात मिळाला होता. आधीच्या दोन निवडणुकांतही मिळाला होता. पहिल्या वेळी मी तो हरवला, दुसऱ्या वेळी विसरलो, आणि या वेळी त्यावर भजी ठेवून खाल्ली होती.

“माझंही एकच,” मी म्हणालो.

“कदी टाकलं?”

“अजून टाकलेलं नाही. आम्हाला ड्युटी असते.”

“मागल्या टायमाला?”

मी घोषणापत्राची घडी सरळ करत बसलो. पोलीस आता उघड उघड हसत होता.

“सवताचं टाकीत न्हाई आन् मपलं मागाया आला व्हय,” ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघणं सोडून दिलं आणि साहेबांपुढं अंगठा धरला. यापुढचं सगळं ती साहेबांशीच बोलली.

घर एका खोलीचं होतं. पत्र्याच्या पेटीवर आम्ही पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, पेन ठेवलं आणि सगळे बाहेर आलो. साहेबांनी दार लोटून घेतलं. लगेच पोलीस म्हणाला, “साहेब, शेळी आत हाय.”

साहेबांनी दार किलकिलं करून विचारलं, “आजी, शेळी बाहेर घेऊ का?”

“ती कुनाला सांगनार हाय?” आतून उत्तर आलं.

साहेबांनी यावर विचार केला आणि दार पुन्हा लोटलं.

पहिली पाच मिनिटं ती मोठ्यानं बोलत होती. मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो असतात. ह्याच्या मिशा तसल्याच, त्याच्या बी तसल्याच, ह्यो तर लेकाचा झोपलेला दिसतोय, असं चाललं होतं. साहेब दाराला तोंड लावून विनवत होते, “आजी, मनात. मनात बोला. मत गुप्त असतं.” मग एकदम शांत झालं. आणखी पाच मिनिटं गेली. नंतर आतून एक आवाज यायला लागला. आधी वाटलं शेळी. मग मुलगा म्हणाला, “घोरती. दुपारची झोपती ती. आता लवकर उठायची न्हाई.”

मतदार मत देता देता झोपला तर काय, हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, मी आत जाऊन उठवतो. साहेबांनी मला अडवलं. आडोशाच्या पलीकडं मतपत्रिका पडलेली असणार, तिच्यावर खूण झालेली असेल, नसेल, ती कुणाला दिसता कामा नये. मुलाला पाठवायचं तर प्रश्नच नव्हता. हाक मारू या का, असं पोलीस म्हणाला. साहेबांनी पान काढून दाखवलं. मतदाराला घाई करू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग थांबायचं,” साहेब म्हणाले आणि रुमाल अंथरून लिंबाखाली बसले.

आम्ही सगळेच बसलो. व्हिडिओवाला कॅमेरा तिकाटण्यावर लावून बंद दाराचं शूटिंग करत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “साहेब, नुसत्या दाराचं किती घेऊ?” साहेब म्हणाले, “उघडेपर्यंत.” मुलगा मोटारसायकलला टेकल्या टेकल्या झोपला, तोंड उघडं टाकून, आईसारखाच घोरत. ताईंनी बाजेवरच्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागल्या. त्यांच्यावर खोटी तक्रार करणाऱ्या बाईच्या शेंगा. मी विचारलं तर म्हणाल्या, हात मोकळे बसत न्हाईत.

पहिला अर्धा तास मी चिडलेला होतो. म्हातारीनं पोलिसासमोर माझी लाज काढली होती आणि वर आता ती निवांत झोपली होती. ती झोपते म्हणून आम्ही उन्हात. पण चिडून चिडून माणूस किती चिडणार. हळूहळू मला त्या दृश्याची गंमत वाटायला लागली. या घरातली माणसं जन्मभर थांबत आली होती. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, एसटीच्या फाट्यावर, मुकादमाच्या दारात. यांच्यासाठी कुणी थांबलेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं, आणि शाळेत यांच्या पोरांना ताटकळत ठेवणाऱ्यांत मीही होतो. आज एक इंजिनिअर, एक पोलीस, एक मास्तर आणि सरकारची एक जीप दाराबाहेर बसली होती. आणि हे काही ती थोर होती म्हणून नव्हतं. तिनं काही केलं नव्हतं. ती चांगलीही नव्हती. भांडकुदळ होती, खोटारडी होती, सुनेची गुन्हेगार होती. यादीत तिचं नाव होतं आणि ती एक माणूस होती, बस एवढंच. त्या एवढ्यावर साहेबांनी, निव्वळ घाबरून का होईना, तिच्या झोपेला धक्का लागू दिला नव्हता. मी आयुष्यभर फळ्यावर जे लिहीत आलो ते असं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं त्याला काहीतरी तेज वगैरे असेल.

तासाभरानं दार उघडलं. आधी शेळी बाहेर आली, मागून म्हातारी. मतपत्रिकेची तिनं विड्याच्या पानासारखी घडी घातली होती.

“डोळा लागला,” ती म्हणाली.

“काही हरकत नाही, आजी,” साहेब उठून उभे राहिले.

“मग बसून काय राह्यलात? हाक मारायची.”

घडी पाकिटात गेली. पाकीट चिकटवायला मी डिंकाची बाटली उघडली, तर डिंक दगड झालेला. साहेबांचा चेहरा उतरला. न चिकटवलेलं पाकीट बाद होतं. म्हातारी काही न बोलता घरात गेली आणि एक डबी घेऊन आली. आत बाभळीच्या डिंकाचे तांबूस खडे होते. तिनं एक खडा वाटीत भिजत घातला. साहेबांनी पुस्तिका चाळली. डिंक कुठल्या झाडाचा असावा, यावर नियमांचं काही म्हणणं नव्हतं. भिजायला वेळ लागला, पण त्या दिवशी आम्हाला वेळेचं काही वाटेनासं झालं होतं. तिनं स्वतः बोटानं डिंक लावला आणि पाकिटावर मूठ दाबून धरली. आम्ही ते दुसऱ्या पाकिटात घातलं, तेही तसंच चिकटवलं आणि पेटीच्या फटीतून आत सोडलं.

“वाजव,” ती साहेबांना म्हणाली.

साहेबांनी पेटी उचलून हलवली. आत पाकिटं सरकल्याचा आवाज झाला. तिचं समाधान झालं असावं, कारण ती बाजेवर जाऊन बसली आणि सोललेले दाणे बघून ताईंना म्हणाली, “निम्मे खाल्ले वाटतं.” ताई हसल्या आणि टरफलं झटकून उठल्या.

आम्ही जीपमध्ये सामान भरत असताना मुलानं तिला हळूच विचारलं, “आई, कोनाला दिलं? मुकादम इचारंल.”

“शेळीनं बघितलंय. तिला इचार.”

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. मग तोही हसला. त्याला लगेच परत जायचं होतं. म्हातारीनं त्याला थांबवून चार भाकरी फडक्यात बांधून दिल्या. देताना पुन्हा एकदा तापाचं काढलंच. तो “व्हय, व्हय” म्हणत गाडीला किक मारत होता.

त्याच निवडणुकीच्या तिसऱ्या प्रशिक्षणाला मी तालुक्याला गेलो तेव्हा कारकुनाकडं तो फॉर्म मागितला. आधीच्याचं काय झालं, असं त्यानं विचारलं. मी भजी सांगितली नाही. फॉर्म भरला, रांगेत उभा राहिलो, तसल्याच पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो आणि मत दिलं. अर्धं मिनिट लागलं. मिशांच्या बाबतीत म्हातारीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. निकाल लागला तेव्हा आमच्या दोघांच्या मतांवाचून कुणाचं काही अडलं असतं, असं दिसलं नाही. ते बघायचं आपलं काम नाही, हे मी शिकलो होतो.

मूल्यशिक्षणाच्या तासाला मी आता ते वाक्य फळ्यावर लिहून देत नाही. पोरं उन्हाळ्यात परत आली की पहिल्या दिवशी एकेकाचं पूर्ण नाव विचारतो आणि त्याचं बोलून संपेपर्यंत थांबतो. काही पोरं फार हळू बोलतात. मला अजूनही कंटाळा येतो.

जूनमध्ये पटनोंदणीसाठी मी ताईंबरोबर त्या वस्तीवर पुन्हा गेलो. कुलपं निघाली होती. मुलगा परत आला होता. मुकादमाचं काय झालं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, “दोन दिवस घुश्श्यात हुता. मग ऊस तोडायचाच हुता.” आत सासू-सुनेचं जोरात चाललं होतं. म्हातारी बाहेर आली. तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही तसं दाखवलं नाही. वस्तीवर तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की आपण झोपलो होतो तेव्हा दारावर दोन जीपा आणि चार पोलीस राखण करत बसले होते. ताईंवर तिची नवी तक्रार गेलेली होती, या खेपेला अंड्यांची. ताई तिचं कसलंसं आरोग्याचं कार्ड करून द्यायला आल्या होत्या. त्यांनी तिच्या शेजारी बसून नाव विचारलं, वय विचारलं, अंगठा घेतला आणि तो पुसायला आपला रुमाल दिला. रुमाल तिनं परत केला नाही.

आम्ही निघालो तेव्हा म्हातारीनं मागून हाक मारून पुढली निवडणूक कधी, असं विचारलं.

“हाय अजून. जगलात तर येऊ,” ताई म्हणाल्या.

“तू जग आधी,” म्हातारी म्हणाली.

ताईंनी स्कूटी चालू केली, मला मागं बसायला सांगितलं, आणि पुढच्या घराचा कागद माझ्या हातात दिला.